सदतीस वेळा, काही बदल नाही

आमची पहिली भेट एका लांबलचक कागदाच्या दोन टोकांना झाली.

तेव्हाचे प्रिंटर सुटी पानं छापत नसत. कडांना भोकं असलेला, घडीवर घडी घातलेला, न संपणारा कागद असायचा… एकदा त्याची घडी चुकली की तो फरशीवर पसरायचा आणि वाट मिळेल तिकडे निघायचा. त्या दिवशी तो ऑफिसच्या दारातून बाहेर पडला, जिन्याच्या तीन पायऱ्या उतरला आणि माझ्या चपलेशी येऊन थांबला. बाहेर भुरभुर पाऊस होता. मी छत्री काखेत धरली, कागद उचलला आणि गुंडाळत गुंडाळत वर चढू लागले. वरून कुणीतरी वाकून तोच कागद गुंडाळत खाली येत होतं. दारात आमची डोकी आपटता आपटता राहिली.

"हा तुमचा का?" मी विचारलं.

"नाही, हा प्रिंटरचा. मी आजच कामाला लागलोय, माझं अजून इथे काहीच नाही."

"मग छापायला कुणी लावला?"

"त्या दाराजवळच्या टेबलावर बसतात ना, त्या बाईंची कसलीशी यादी होती. मी नुसतं एक बटण दाबून बघितलं."

"ती बाई मीच."

तो माझ्या छत्रीकडे बघून म्हणाला, "म्हणजे तुमच्याच यादीवर तुम्हीच पाणी ठिबकवताय… मग माझ्यावर रागवायचं काही कारण नाही."

मला हसू आलं होतं. पण पहिल्याच दिवशी नव्या माणसापुढे हसायचं नसतं, अशी माझी समजूत होती. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि माझ्या बऱ्याच समजुती होत्या.

आमचं ऑफिस नऊ टेबलांचं. रक्ततपासणीच्या लॅबना लागणारा प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. नमुना नोंदवा, आकडे भरा, अहवाल छापा, एवढंच त्याचं काम. पण अकरा लॅब त्यावर चालायच्या. साहेबांना सगळे मागून 'आठवडाभर' म्हणत. कुठल्याही लॅबचा फोन आला, कसलीही मागणी असली, की ते म्हणायचे, "आठवडाभरात देतो." आणि फोन ठेवून आमच्याकडे बघायचे.

मी यायच्या आधी तिथे एकदा मोठा घोळ झाला होता. दोघांनी एकाच वेळी एकच फाइल उघडली, दोघांनीही आपापली दुरुस्ती केली, आणि ज्याने नंतर ठेवली त्याने आधीच्याची महिनाभराची मेहनत पुसून टाकली. तेव्हापासून साहेबांनी नियम आणला. सगळ्या फाइली एका ठिकाणी, जुन्या आवृत्त्यांसकट जपून ठेवायच्या. ज्याला बदल करायचाय त्याने फाइल आपल्या नावावर काढायची. तेवढा वेळ तिला कुलूप, दुसऱ्या कुणालाही हात लावता यायचा नाही. परत ठेवताना लिहायचं — काय बदललं आणि का बदललं.

हे 'का' तपासायला मला नेमलं होतं. रोज सगळ्यांच्या नोंदी वाचायच्या. पटली तर खाली 'मान्य' लिहून माझ्या नावाची आद्याक्षरं टाकायची. कारण नसेल तर 'मान्य नाही'. जे मान्य नाही ते पुढच्या आवृत्तीत जायचं नाही. आणि रोज दुपारी चार वाजता, मान्य झालेल्या नोंदींतलं लॅबना कळवण्यासारखं तेवढं निवडून 'बदलयादी' नावाच्या फाइलीत उतरवायचं. ऑफिसात मला नोंदबाई म्हणायचे. घरी दादा म्हणायचा, "लोकांच्या चुका लिहून ठेवायचा पगार मिळतो हिला. आमच्या घरात ते काम ही लहानपणापासून फुकट करायची."

नव्या माणसाला शेवटचं, खिडकीपाशी असलेलं टेबल मिळालं. त्यामुळे तो खिडकीवाला. काम चोख आणि हात वेगवान. पण नोंद म्हणजे… त्याची पहिली नोंद मला अजून पाठ आहे. 'किरकोळ दुरुस्ती.' बस.

मी सगळी टेबलं ओलांडून त्याच्यासमोर उभी राहिले. "किरकोळ म्हणजे किती?"

"चार अक्षरं बदलली."

"मग ती कुठली चार ते लिहा."

"त्यासाठी चाळीस अक्षरं लिहावी लागतील हो. नोंद बदलाहून मोठी होईल."

"होऊ दे. दोन वर्षांनी कुणी ही फाइल उघडेल तेव्हा तुम्ही इथे नसाल."

"मी कुठे जाणार?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं. "आत्ता तर खिडकी मिळालीय."

त्याने नोंद पुन्हा लिहिली. यावेळी त्यात त्या चार अक्षरांची जन्मकथा होती, आणि शेवटी एक ओळ — 'नोंदबाईंचा आवाज मऊ आहे, शब्द तेवढे कडक आहेत.' ती ओळ मी खोडायला लावली. 'मान्य' लिहिताना बोट जरा अडखळलं, एवढंच.

त्यानंतर आठवड्याभरात एक नवीनच दुखणं सुरू झालं. चार वाजता मी बदलयादी काढायला जावं, तर तिला कुलूप. खिडकीवाल्याच्या नावावर.

आता हे कुलूप सोडवायचं म्हणजे ज्याच्या नावावर आहे त्यालाच सांगावं लागे. मी उठले, सगळी टेबलं ओलांडली.

"तुमच्याकडे बदलयादी अडकलीय."

"अरे… हो की. बघायला काढली होती. राहिलीच." त्याने लगेच परत ठेवली. नोंदीत लिहिलं, 'काही बदल नाही.' "चहा आलाय तुमचा? माझा इथे गार होतोय. अर्धा घेता का?"

"मी चहा टेबलावर घेते."

"हेही टेबलच आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप. तिसऱ्या दिवशीही. मी चिडायची, तो ओशाळल्यासारखं करायचा. खिडकीच्या काचेवरून थेंब ओघळत असायचे, खालच्या सुतारकामाच्या दुकानातून लाकडाचा ओला वास वर यायचा, आणि तो म्हणायचा, "उद्यापासून नाही विसरणार." एकदा मी म्हटलं, "तुमच्या विसरण्याला घड्याळ लावलंय का?" तर त्याने मनगटावरचं घड्याळ कानाशी धरलं आणि म्हणाला, "चालू तर आहे."

असं महिना-दीड महिना चाललं. मी चिडायची ते खरंच चिडायची. पण हळूहळू पावणेचारलाच मला चिडायची तयारी करावीशी वाटू लागली. पदर नीट करायचा, बोटाला लागलेली शाई पुसायची, मग चिडायला निघायचं. घरी माझ्या बोलण्यात सारखे चार वाजायचे, आणि वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे. एकदा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "रोज चारला तुमच्याकडे काय असतं गं?"

"काही नाही. एक फाइल अडकते."

"आणि सुटते कधी?"

"पाच-दहा मिनिटांत."

"मग तू घरी येईपर्यंत अशी अडकल्यासारखी का असतेस?"

मी देठ जास्तच जोरात मोडले.

मग तो शुक्रवार आला. चार वाजले. मी उठायच्या बेतात होते… पण बदलयादी मोकळी. कुलूप नाही, नाव नाही. मी वळून बघितलं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. शेजारच्या टेबलावरून कळलं, तो साडेतीनलाच गेला. गावी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, चार-पाच दिवसांची सुट्टी घेतली होती. साहेबांना सांगून गेला होता. शेजाऱ्याला सांगून गेला होता. माझ्या टेबलाजवळून गेला, त्या वेळी मी फोनवर होते. त्याने थांबून बघितलं म्हणे, मग गेला. हे 'म्हणे' मला फार नंतर कळलं.

शनिवारी त्याची शुक्रवारची नोंद माझ्यापुढे आली. अहवालाच्या फाइलीत बदल, वेळ सव्वातीन. 'किरकोळ दुरुस्ती.'

एरवी मी उठून विचारलं असतं. समोर बसवून दोन ओळी लिहून घेतल्या असत्या. पण विचारायला माणूस नव्हता, आणि मला राग आला होता. राग नोंदीचा नव्हता, हे मला तेव्हाही आत कुठेतरी ठाऊक होतं. नोंद कोरडी होती. मी तिच्याहून कोरडी झाले. लिहिलं — 'मान्य नाही. कारण द्या.' आणि बदल काय आहे ते उघडून बघितलंसुद्धा नाही.

सोमवारी नवी आवृत्ती अकरा लॅबकडे गेली. तिच्यात एक नवी सोय होती, साहेबांनी स्वतः लिहिलेली. एकाच दिवशी एकाच माणसाचे दोन नमुने आले, म्हणजे उपाशीपोटी साखर आणि जेवणानंतरची, तर दोन्ही आकडे एकाच कागदावर छापायचे. साहेबांची नोंद दोन परिच्छेद लांब होती. कारण तर इतकं छान दिलं होतं की मी आनंदाने 'मान्य' लिहिलं होतं.

बुधवारी सकाळी एका लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. काही अहवालांत दोन्ही ठिकाणी एकच आकडा छापला जात होता. दुसरा आकडा पहिल्याला पुसून टाकत होता. "माझ्या नजरेला पडलं म्हणून बरं," बाई म्हणाल्या, "सगळे कागद परत मागवलेत. कुणाला औषध दिलेलं नाही. पण आठवडाभर वगैरे मला ऐकवू नका."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी अहवालाच्या फाइलीचा सगळा इतिहास छापायला लावला. सगळ्यात वर, सगळ्यात ताजं नाव — खिडकीवाला. सव्वातीन, किरकोळ दुरुस्ती, आणि लगेच साडेतीनला पसार. त्या गडबडीत त्याखालच्या 'मान्य नाही'चा विचार कुणी केलाच नाही, मीही नाही. मग त्यांनी त्याच्या नावावरचं बाकीचं काढलं. बदलयादी सदतीस वेळा बाहेर काढली, सदतीस वेळा परत ठेवली. प्रत्येक वेळी 'काही बदल नाही'.

तो त्याच वेळी गावाहून आला होता. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बदल करायचा नसेल तर माणूस एक फाइल सदतीस वेळा कशाला काढेल? काय लपवायला?"

त्याने तो कागद वाचला. वरून खालपर्यंत. माझ्या 'मान्य नाही'वर त्याची नजर थांबली, मी बघितलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं… आणि साहेबांना म्हणाला, "मला काही सांगायचं नाही."

"उद्या बारापर्यंत सांगा. नाहीतर टेबल रिकामं करा."

"बरं," तो म्हणाला.

मी घरी गेले. इतके दिवस आपण ज्याच्याशी बोलायला रोज उठत होतो त्याने खरंच काही लपवलं असेल का, हा एकच प्रश्न मनात होता. वहिनीने ताट वाढलं. दादा म्हणाला, "आज कुणाची चूक लिहिलीस?" मी म्हटलं, "तेच कळत नाहीये."

दुसऱ्या दिवशी आठलाच ऑफिसात पोहोचले. झाडणारी मावशी म्हणाली, "ताई, आज माझ्याही आधी?" मी दोन गोष्टी छापायला लावल्या. एक, लॅबना गेलेली अहवालाची फाइल. दुसरी, शुक्रवारी सव्वातीनला त्याने ठेवलेली. दोन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी पसरले आणि गुडघ्यांवर बसून ओळ ओळ जुळवत गेले.

फरक चार ओळींचा होता. लॅबना गेलेल्या फाइलीत दुसरा आकडा पहिल्याच्या जागेवर लिहिला जात होता. त्याच्या फाइलीत दुसऱ्या आकड्याला स्वतःची वेगळी जागा होती.

म्हणजे चूक त्याने केली नव्हती. साहेबांच्या दोन परिच्छेदांत लपलेली चूक त्याने शुक्रवारीच शोधली होती, दुरुस्त केली होती, आणि गाडी गाठायच्या घाईत 'किरकोळ' लिहून गेला होता. ती दुरुस्ती लॅबपर्यंत पोहोचली नाही ती एका माणसामुळे. खाली अक्षरं माझी होती.

हे त्याला कालच कळलं होतं. कागद वाचता वाचता.

मी तशीच फरशीवर बसून राहिले. मग प्रिंटरपाशी कालपासून पडलेला बदलयादीचा कागद ओढला. सदतीस नोंदी एकाखाली एक. बाहेर काढली — तीन पन्नास. परत ठेवली — चार पाच. तीन पन्नास, चार सात. तीन पन्नास, चार दहा… जिथे चार पंचवीस होते, त्या दिवशी मी अखेर तो अर्धा चहा घेतला होता. मला प्रत्येक ओळ आठवत होती. साहेबांना त्यात लपवाछपवी दिसली होती. मला माझी पावलं दिसली, सगळी टेबलं ओलांडून जाणारी, सदतीस वेळा.

मान वर केली तर तो दारात उभा होता. टेबल रिकामं करायला आला असावा. हातात कालचीच पिशवी होती.

"आईचा डोळा कसा आहे?" मी विचारलं. पहिलं तेच सुचलं.

"छान. पट्टी काढल्यावर मला म्हणाली, तू बारीक झालास." त्याने जमिनीवरचे कागद पाहिले. "…बघितलंत तर."

"काल बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमचं नाव आलं असतं."

"यायलाच हवं होतं. नोंद त्यासाठीच असते."

"तुम्हाला ही नोकरी हवीय. मला दुसरीकडे मिळेल."

"आणि खिडकी?" मी म्हटलं. "आत्ता तर मिळालीय म्हणत होतात."

मी तिन्ही कागद उचलले आणि साहेबांच्या केबिनचं दार वाजवलं. ते नुकतेच येऊन टेकले होते. मी बसले नाही. शुक्रवारची दुरुस्ती दाखवली, माझं 'मान्य नाही' दाखवलं. "साहेब, बदल उघडून न बघता मी तो अडवला. चूक माझी आहे. टेबल रिकामं करायचं तर माझं करा."

ते बराच वेळ कागद बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही मूळ चूक कुणाच्या बदलात आहे?"

"…तुमच्या."

"नोंद कशी होती माझी?"

"फार सुंदर होती, साहेब."

ते हसले. आधी नाकातून, मग मोठ्याने. मी इतक्या वर्षांत त्यांना तसं हसताना तेव्हाच पाहिलं. मी विचारल्याशिवायच खुर्चीत बसले.

"म्हणजे दुरुस्ती तयार आहे?"

"शुक्रवारपासून."

त्यांनी फोन उचलला, डॉक्टरीणबाईंचा नंबर फिरवला. "बाई, आज देतो," ते म्हणाले. "नाही, नाही… आठवडाभरात नाही. आज." फोन ठेवून माझ्याकडे वळले. "कुणाचंही टेबल हलत नाही. पण यापुढे उघडून बघायचं. माझंसुद्धा." मी उठले. त्यांनी बदलयादीचा लांबट कागद पुढे केला. "आणि हे? सदतीस वेळा? याचं कारण मला अजून कळलेलं नाही."

माझे कान तापले. "त्याचं कारण… मी लिहून घेते, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराच्या काचेतून बाहेर उभ्या असलेल्या त्याच्याकडे पाहिलं. मग घाईघाईने दुसरी कुठलीशी फाइल उघडली. "घ्या, घ्या. नियम म्हणजे नियम."

त्या दिवशी दुपारपर्यंत दुरुस्त आवृत्ती अकराही लॅबना गेली. पावणेचारला डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, आकडे बरोबर येताहेत. ऑफिसात सगळ्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या, कुणी खिडक्या उघडल्या. आणि चार वाजता मी बदलयादी काढायला गेले, तर… तिला कुलूप.

मी उठले. सावकाश चालत गेले. आज चिडायची तयारी करायला विसरले होते.

"तुमच्याकडे बदलयादी अडकलीय."

"हो. अडतिसावी वेळ."

"परत ठेवा. पण 'काही बदल नाही' चालणार नाही. कारण लिहा."

"सगळ्या वेळचं वेगवेगळं?"

"एकच असेल तर एकदाच."

त्याने बोटं कळांवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. एरवी झरझर लिहिणारा माणूस एकेक अक्षर शोधत होता. मी त्याच्या खांद्यामागे उभी राहून वाचत होते, आणि हे त्याला माहीत होतं.

'नोंदबाई दिवसातून एकदा माझ्या टेबलापर्यंत चालत याव्यात म्हणून. दुसरा उपाय सुचला नाही.'

पडद्यावर अक्षरं हिरवी दिसायची तेव्हा. खिडकीतून वारा येत होता आणि माझा पदर त्याच्या खुर्चीच्या पाठीवर जाऊन पडला होता. मी तो काढून घेतला नाही.

"अर्धवट आहे," मी म्हटलं.

"आता काय राहिलं?"

"'काय' आणि 'का' झालं. यापुढे काय, ते लिहिलेलं नाही."

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. मग लिहिलं, 'यापुढे त्यांनी इतकं चालायला नको. हरकत नसेल तर रविवारी मी चालत त्यांच्या घरी येईन… त्यांच्या दादांना भेटायला.'

मी वाकले, त्याच्या हाताशेजारून हात घातला आणि खाली 'मान्य' लिहून माझी अक्षरं टाकली. यावेळी बोट अडखळलं नाही.

"हे लॅबना कळवायच्या यादीत घ्यायचं का?" त्याने विचारलं.

"ते निवडायचं काम माझं आहे," मी म्हटलं, आणि त्याच्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

रविवारी दादाने त्याला तासभर उलटसुलट विचारलं. शेवटी म्हणाला, "बाबा रे, ही प्रत्येक गोष्टीचं कारण विचारते, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "म्हणूनच तर आलोय." वहिनी आत चहा गाळत होती. तिने घड्याळाकडे बघितलं आणि मला कोपर मारलं. चार वाजले होते.

आता ते ऑफिस नाही, ते प्रिंटर नाहीत. माझी नात हेच काम करते. तिच्याकडे फाइलींना कुलपं लागत नाहीत म्हणे, सगळे एकाच वेळी बदल करतात आणि मग जुळवून घेतात. ऐकायला चांगलं वाटतं.

आमच्या घरात मात्र रोज दुपारी चारच्या सुमाराला माझा चष्मा सापडत नाही. मी उठते, दोन खोल्या ओलांडते. खिडकीपाशी खुर्ची टाकून हे बसलेले असतात, चष्मा यांच्या खिशात.

"अरे… हो की," हे म्हणतात. "बघायला घेतला होता. राहिलाच."

कपात अर्धा चहा असतो. तो मी घेते.